काकांचा पॅक-मॅन आणि नऊ पिनांचं पोर्ट: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर एके काळी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पुढे घरोघरी टीव्हीला लावायचे गेम आले, गिऱ्हाईक आटलं आणि मशीनं एकेक करून भंगारात गेली. मालकांनी एकच ठेवलं. काचेचं टेबल, दोघांनी समोरासमोर बसून आळीपाळीनं खेळायचं, आत पॅक-मॅन. सध्या ते त्यांच्या पुतण्याच्या कोथरूडमधल्या कॅफेत आहे आणि रोज चालतं. मालकांना इथे काका म्हणू. नावं आणि पत्ते गाळलेत, तांत्रिक बाजू आहे तशी ठेवली आहे.

बोर्ड अस्सल नाही. नाम्कोनं पॅक-मॅन १९८० मध्ये जपानात आणला, अमेरिकेत तो मिडवेनं विकला आणि त्याच्या बिनपरवाना नकला जगभर निघाल्या. हा त्यांतलाच एक. नक्कल करणाऱ्यांनी आराखडा फारसा न बदलता उचलला होता, हे आमच्या पथ्यावर पडलं. झेड८० प्रोसेसर, १८.४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याला सहानं भागून प्रोसेसरला मिळणारे ३.०७२ मेगाहर्ट्झ, १६ किलोबाइटचा प्रोग्रॅम, सगळं मूळ बोर्डाप्रमाणे. म्हणजे मूळ बोर्डाबद्दल गेल्या चाळीस वर्षांत लोकांनी जे खणून काढलंय, ते इथेही लागू. स्क्रीन मात्र देशी आहे. मूळ मॉनिटर गेल्यावर कुणीतरी रंगीत टीव्हीची चासी बसवून तिला थेट आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे सिग्नल) दिलंय.

मागणी आणि अट

पुतण्याला भिंतीवरच्या स्क्रीनवर 'आजचे पहिले पाच' दाखवायचे होते. पॅक-मॅनला हे जमत नाही. तो एकच हाय स्कोर लक्षात ठेवतो, तोही नावाशिवाय, आणि तो रॅममध्ये असल्यामुळे रात्री बटण बंद केलं की गेला. तेव्हा स्कोर मशीनबाहेर काढून नऊ पिनांच्या सीरियल पोर्टातून (एकामागून एक बिट पाठवणारं जुन्या पद्धतीचं पोर्ट) काउंटरवरच्या कॉम्प्युटरला द्यायचा, एवढं काम.

काकांची अट एकच होती. बोर्डावरचा ट्रॅक कापायचा नाही आणि कॅबिनेटला भोक पाडायचं नाही.

"काका, एक वायर तर जोडायचीये."

"जोड की. मी कापू नकोस म्हणतोय. उद्या काढून टाकलंस तर होतं तसं दिसलं पाहिजे."

मला ही अट सुरुवातीला अडचणीची वाटली होती. प्रत्यक्षात निम्मे निर्णय तिनंच सोपे केले.

यूएसबीच्या जमान्यात सीरियल पोर्ट कशाला, असं कॅफेतल्या पोरांनी विचारलंच. काउंटर मशीनपासून लांब आहे आणि वायर भिंतीच्या कडेनं फिरवून न्यावी लागते. साध्या यूएसबी केबलची मर्यादा पाच मीटर. आरएस-२३२ ला, म्हणजे या सीरियल पोर्टाच्या पद्धतीला, सेकंदाला ९६०० बिटच्या वेगानं पंधरा मीटर जड नाहीत. शिवाय या कामात तिसरे गृहस्थ होते, भोसरीत सीएनसी मशीनच्या मेंटेनन्समध्ये मुरलेले. तिथल्या जुन्या कंट्रोलरना प्रोग्रॅम आजही नऊ किंवा पंचवीस पिनांच्या पोर्टातूनच पाजले जातात. त्यांच्या पिशवीत केबल, कनेक्टर आणि पिन दोन आणि तीनची अदलाबदल केलेले ॲडॅप्टर कायम असतात. हाताशी असलेलं ज्ञान वापरावं, या मताचा मी आहे.

आधी अर्थिंग

पर्यायांवर बोलण्याआधी मेंटेनन्सवाल्यांनी मीटर काढला. एक टोक बोर्डाच्या ग्राउंडला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थ पिनेला. मीटरनं शंभरावर एसी व्होल्ट दाखवले.

याचे दोन अर्थ निघतात. जुन्या टीव्हीच्या चासीचं ग्राउंड बऱ्याचदा थेट मेन्सशी जोडलेलं असतं. त्याला आपण 'चासी लाइव्ह आहे' म्हणतो. तसं असेल तर सीरियल केबलचं ग्राउंड जोडताच काउंटरवरचा कॉम्प्युटर आणि त्याला हात लावणारा माणूस दोघंही मेन्सवर. दुसरी शक्यता त्यामानानं साधी. स्विचिंग सप्लायमध्ये लाइन आणि न्यूट्रलपासून ग्राउंडकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेलाच नसेल तर ग्राउंड मधल्या व्होल्टेजवर, म्हणजे मेन्सच्या निम्म्यावर, तरंगत राहतं. त्यात करंट फार थोडा असतो. हाताला मुंग्या येतात इतकंच, पण तेवढ्यानं पोर्टाची चिप मरू शकते.

मीटरच्या दोन टोकांमध्ये पाच वॅटचा १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजलं. आकडा एक-दोन व्होल्टवर आला. म्हणजे मागे ताकद नव्हती, नुसती गळती होती. टेबलाच्या पोटात हात घातल्यावर खुलासा झाला. टीव्हीच्या चासीसाठी कुणा जाणत्या माणसानं जडसा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आधीच बसवलेला होता. मशीनची प्लग मात्र दोन पिनांची होती. तीन पिनांची प्लग लावून अर्थ जोडला आणि तरंगणं थांबलं. (चालू मशीनमध्ये हे मोजमाप सराव नसलेल्या माणसानं करू नये. रंगीत टीव्हीच्या ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही ते रेंगाळतात.)

इथला निर्णय असा होता: अर्थ मिळाला, आता पोर्ट थेट जोडायचं का? पुतण्याचं म्हणणं, झालं की आता. मेंटेनन्सवाल्यांनी नकार दिला. उद्या दुसरा कुणी मेकॅनिक तो जड ट्रान्सफॉर्मर अडगळ म्हणून काढून टाकेल आणि काउंटरवरच्या माणसाला त्याचा पत्ताही नसेल. म्हणून पोर्ट आणि मशीन यांच्यात तांब्याचं एकही नातं नको, मध्ये ऑप्टोकपलर (वायरीऐवजी प्रकाशातून सिग्नल पलीकडे नेणारी चिप) हवाच, असं ठरलं. या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मी यालाच म्हणेन.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय पुतण्याच्या मित्राचा. बोर्ड काढायचा, आत छोटा कॉम्प्युटर ठेवून त्यावर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवायचा, स्कोर आपोआप हातात. काका म्हणाले, "मग त्याला मशीन कशाला म्हणायचं? टेबल म्हण." विषय तिथेच संपला.

दुसरा पर्याय मला मनापासून आवडला होता. पॅक-मॅनच्या बोर्डावर ७४एलएस२५९ ही आठ आउटपुटची लॅच (लिहिलेलं धरून ठेवणारी चिप) आहे. हेक्स (सोळाच्या पायातले आकडे) ५००० ते ५००७ या पत्त्यांवर लिहून प्रोसेसर तिच्यातून आवाज चालू-बंद करणं, स्क्रीन उलटवणं, स्टार्ट बटणांचे दिवे लावणं अशी कामं करतो. ५००६ हे आउटपुट नाणं अडवणाऱ्या कॉइलसाठी असतं. या टेबलात ती कॉइलच नाही, तेव्हा पिन रिकामी. तिच्यावर प्रोग्रॅमनं एक-शून्य खालीवर करायचं की झाला सीरियल पोर्ट. हिशोबही देखणा बसतो. ३.०७२ मेगाहर्ट्झला ९६०० नं भागलं की बरोबर ३२० येतात, म्हणजे प्रत्येक बिटला घड्याळाचे ३२० ठोके, वर बाकी काही नाही. एरवी अशी कामं चार-दोन टक्क्यांची चूक पोटात घालूनच करावी लागतात.

पण यासाठी गेमचा प्रोग्रॅम बदलावा लागतो. नवा कोड ठेवायला रॉममध्ये मोकळी जागा शोधा. चालू होताना गेम स्वतःच्या रॉमची बेरीज तपासतो, तर ती जुळवून द्या. एक बाइट पाठवायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, तेवढा वेळ इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा सिग्नल) बंद ठेवा. कोड कुठे अडकला तर वॉचडॉग, म्हणजे मशीन अडकलं का यावर नजर ठेवणारं सर्किट, सोळा फ्रेममध्ये, म्हणजे पाव सेकंदात, मशीन रीसेट करतो, तेही सांभाळा. प्रोग्रॅम ज्यात असतो त्या जुन्या २७३२ जातीच्या ईप्रॉम चिपला लिहायला २१ किंवा २५ व्होल्ट लागतात आणि हल्लीचे बरेचसे स्वस्त प्रोग्रॅमर तिथवर जात नाहीत. एवढं करून पोर्ट एकतर्फीच.

तिसरा पर्याय म्हणजे राजमार्ग. प्रोसेसर सॉकेटमधून काढायचा, तिथे छोटा बोर्ड बसवायचा, प्रोसेसर त्या बोर्डावर लावायचा आणि शेजारी १६सी५५० सारखी खरी यूआर्ट, म्हणजे सीरियल पोर्ट सांभाळणारी, चिप. ही कल्पना जुनीच आहे. १९८२ ची मिस पॅक-मॅन मुळात अशाच, प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये बसणाऱ्या जोडबोर्डावर उभी होती. इथेही आकडे साथ देतात. ३.०७२ मेगाहर्ट्झवर ९६०० साठी भाजक नेमका २०. वेग ९६०० म्हणजे सेकंदाला ९६० बाइट, स्क्रीन सेकंदाला साठ-साडेसाठ वेळा रंगते, म्हणजे फ्रेममागे सुमारे सोळा बाइट. या चिपच्या फिफोतही, म्हणजे बाइट रांगेत धरून ठेवण्याच्या जागेतही, सोळाच बाइट मावतात. गेमनं फ्रेममध्ये एकदा डोकावलं तरी काही सांडत नाही.

अडचण पुन्हा तीच, प्रोग्रॅमला हात लावावा लागतो. शिवाय हा गेम आउट सूचना (बाहेरच्या चिपला बाइट देणारी) फक्त इंटरप्ट व्हेक्टर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर कुठे उडी मारायची तो आकडा, लॅचमध्ये ठेवण्यापुरती वापरतो. आपली आउट चुकून त्या लॅचमध्ये गेली तर पुढच्या फ्रेमला प्रोसेसर भलत्याच पत्त्यावर उडी मारणार. तेव्हा ती अडवायची व्यवस्थाही आपणच करायची.

चौथा पर्याय मेंटेनन्सवाल्यांच्या एका प्रश्नातून निघाला. "मशीनला काही सांगायचंय, का नुसतं ऐकायचंय?"

नुसतं ऐकायचं असेल तर प्रोग्रॅमला हात लावायची गरजच नाही. स्कोर बदलला की प्रोसेसर तो रॅममध्ये लिहितो. लिहिताना पत्ता आणि डेटा दोन्ही त्याच्या चाळीस पिनांवर उघडे असतात. सॉकेटमध्ये मधला बोर्ड घालून ते टिपायचे आणि सीरियलनं बाहेर पाठवायचे. गेमला याची खबरही नाही.

यात एका गोष्टीवर पाणी सोडावं लागणार होतं. पुतण्याला कालचा हाय स्कोर सकाळी मशीनच्या स्क्रीनवर परत हवा होता. नुसत्या ऐकणाऱ्या बोर्डाला रॅममध्ये लिहिता येत नाही, त्यासाठी वर सांगितलेल्या तिसऱ्या पर्यायासारखं काही हवं. यावर घोडं बरंच अडलं. शेवटी काकांनीच सोडवलं. पार्लरमध्येही रोज सकाळी शून्यच असायचं आणि शाळा सुटल्यावर पोरं तो आकडा आधी कोण चढवतं यासाठीच धावत यायची, असं त्यांनी सांगितलं. पुतण्यानं हट्ट सोडला, चौथा पर्याय ठरला.

प्रत्यक्ष काम

कुठले पत्ते ऐकायचे, हे मूळ प्रोग्रॅमच्या अभ्यासातून माहीत होतं. पहिल्या खेळाडूचा स्कोर हेक्स ४ई८० पासून तीन बाइट, दुसऱ्याचा ४ई८४ पासून, हाय स्कोर ४ई८८ पासून. आकडे दशमान जोड्यांत आणि उलट्या क्रमानं. १२,३४० गुण असतील तर रॅममध्ये ४०, २३, ०१ असे दिसतात. ४ई०० या पत्त्यावर गेमची अवस्था असते. तिथे ३ म्हणजे खेळ चालू.

हे सगळे पत्ते ४ई नं सुरू होतात, म्हणून वरच्या आठ ॲड्रेस लाइन तपासायला ७४एचसीटी६८८ ही एकच कंपॅरेटर (तुलना करणारी) चिप पुरली. स्टॅक (प्रोसेसरची तात्पुरत्या नोंदींची जागा) ४एफ नं सुरू होणाऱ्या पत्त्यांवर असल्यामुळे त्याची अखंड वर्दळही आपोआप बाहेर राहिली. तुलनेत मेमरी रिक्वेस्ट आणि राइट हे दोन्ही सिग्नल घ्यावे लागतात. आउट सूचनेच्या वेळीही वरच्या लाइनवर योगायोगानं ४ई येऊ शकतं, आणि नुसत्या राइटवर भिस्त ठेवली तर खोटी नोंद होते.

टिपायचं कशानं, यावर कागदावरच एक निर्णय फिरला. आधीच्या आराखड्यात आर्डुइनो नॅनो होता. १६ मेगाहर्ट्झ, पाच व्होल्टचा, थेट जोडता येणारा. पण झेड८० एकाच सूचनेत दोन बाइट लागोपाठ लिहू शकतो आणि त्यांच्यात घड्याळाचे फक्त तीन ठोके असतात. ३.०७२ मेगाहर्ट्झवर ते जेमतेम एक मायक्रोसेकंद होतात. तेवढ्यात नॅनोच्या हाती पंधरा-सोळा ठोके येतात. इंटरप्टमध्ये शिरून दोन पोर्ट वाचून बाहेर पडायला ते पुरत नाहीत, दुसरा बाइट हुकणार. बाहेर लॅच लावल्या तरी त्यांत एकच नोंद राहते. म्हणून रास्पबेरी पाय पिको घेतला. त्याच्या आरपी२०४० चिपमधले पीआयओ हे छोटे स्वतंत्र यंत्र पिनांवर पाळत ठेवून आकडे आपणहून रांगेत टाकतात, मुख्य प्रोग्रॅम ते सवडीनं उचलतो. पिको ३.३ व्होल्टवर चालतो, म्हणून मध्ये पाच व्होल्टचे सिग्नल ३.३ वर आणणारे ७४एलव्हीसी२४५ बफर आले.

सामान तपकीर गल्लीतून आणलं. दुकानदारानं यादी पाहून "डिप्लोमाचा प्रोजेक्ट का?" असं विचारलं, काकांच्या पांढऱ्या केसांकडे बघून गप्प बसला आणि ७४एचसी६८८ पुढे केली. इथे आग्रह धरावा लागतो. जुन्या झेड८० ची 'एक'ची पातळी २.४ व्होल्टपर्यंत खाली असू शकते. पाच व्होल्टवर चालणाऱ्या एचसी चिपला साडेतीनच्या आसपास लागतात, एचसीटीला दोन पुरतात. एचसीनं टेबलावर चाचणी पास होते आणि उन्हाळ्यात दुपारी आकडे उड्या मारायला लागतात. एचसीटी दोन दुकानं सोडून मिळाली.

पोर्टाच्या बाजूला पिकोनंतर ६एन१३७ ऑप्टोकपलर, त्यापुढे सिग्नल आरएस-२३२ च्या व्होल्टेजवर नेणारी मॅक्स२३२, आणि मॅक्स२३२ च्या बाजूला वेगळा सप्लाय देणारं बी०५०५एस मॉड्यूल. ६एन१३७ सिग्नल उलटा करतो. त्याची एलईडी ग्राउंडकडे न जोडता ३.३ व्होल्टपासून पिकोच्या पिनेकडे जोडली की उलट्याचं सुलट होतं. नऊ पिनांचा कनेक्टर नाण्यांच्या पेटीच्या दारामागे पत्र्याच्या पट्टीवर बसवला. भोक नवं नाही, पट्टीही जुन्याच स्क्रूंवर.

काम सुरू करण्याआधी सगळ्या ईप्रॉमची प्रत काढून ठेवली होती. प्रोसेसर सॉकेटमधून निघाला तेव्हा त्याच्या एका कोपऱ्यातल्या पिनेला हिरवट गंज दिसला. खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ती साफ केली. मधल्या बोर्डाला गोल पिनांचे सॉकेट वापरले, कारण चौकोनी हेडर पिना जुन्या सॉकेटची पकड कायमची सैल करतात. मग काकांच्या अटीला अर्थ उरला नसता.

पहिल्या चालूत काय दिसलं

कचरा. बटण दाबताच काउंटरवर स्कोरांचा पाऊस पडला, त्यात नऊच्या वरचे आकडेही. पुतण्याचा चेहरा उतरला, पण बोर्ड बरोबर काम करत होता. चालू होताना गेम आपली रॅम तपासतो, म्हणजे तिच्या प्रत्येक घरात नमुने लिहून परत वाचतो. ४ई८० आणि ४ई०० सुद्धा त्यातून सुटत नाहीत. ऐकणाऱ्याला परीक्षा कुठली आणि खेळ कुठला हे कळण्याचा मार्ग नाही.

गाळणी पिकोच्या प्रोग्रॅममध्ये घातली. अवस्था ३ काही सेकंद टिकली असेल आणि मग सुटली असेल, तरच खेळ झाला असं धरायचं. प्रत्येक अंक नऊ किंवा त्याखाली हवा. आणि शेवटचा अंक शून्यच हवा, कारण पॅक-मॅनमधली सर्वांत छोटी कमाई दहा गुणांची आहे. ही तिसरी चाळणी पुतण्याला सुचली आणि तीच सर्वांत स्वस्त. मशीन आपोआप चालणारा नमुना खेळ दाखवतं तेव्हा गेम गुण मोजतच नाही, त्यामुळे तिकडून त्रास झाला नाही.

निष्पत्ती

भिंतीवरची यादी चालू आहे. खेळ संपला की एक ओळ येते, खेळाडू एक की दोन आणि सहा अंक, नाव काउंटरवर टाइप होतं. मशीनच्या स्क्रीनवर हाय स्कोर अजूनही रोज शून्यापासून. ज्यांना ठाऊक नाही ते भिंतीकडे बोट दाखवून वाद घालतात.

पुतण्याची पुढची मागणी लगेच आली: यूपीआयनं पैसे आले की मशीनला क्रेडिट मिळावं. हे 'सांगणं' झालं, तरी त्यासाठी प्रोग्रॅम बदलावा लागला नाही. नाण्याच्या स्विचला समांतर पीसी८१७ हा आणखी एक ऑप्टोकपलर लावला. काउंटरकडून अक्षर आलं की पिको त्याला क्षणभर चालू करतो आणि गेमला वाटतं नाणं पडलं. येणाऱ्या सिग्नलसाठी दुसरा ६एन१३७ लागला. जुनी टोकनं काकांनी चालू ठेवली आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

येणाऱ्या सिग्नलची जागा पहिल्याच बोर्डावर ठेवायला हवी होती. 'फक्त ऐकायचंय' हे उत्तर त्या वेळी खरं होतं, पण कॅफे चालवणाऱ्याची गरज तिथेच थांबणार नव्हती. आता दुसरा ऑप्टोकपलर वेगळ्या तुकड्यावर लटकतोय आणि कनेक्टरमागे वायरींचा गुंता झालाय.

मधल्या बोर्डावर पत्ता, डेटा आणि राइट यांच्यासाठी टेस्ट पॉइंट काढले असते तर त्या कचऱ्याचं कारण लॉजिक ॲनालायझर लावून बसल्या बसल्या सापडलं असतं. टेबल उघडून, काच बाजूला ठेवून, वाकून प्रोब धरावा लागला.

हाय स्कोर परत आणण्याच्या मुद्द्यावर आमच्यात आजही एकमत नाही. मेंटेनन्सवाल्यांच्या मते, प्रोसेसरला थोडा वेळ थांबवून बस (पत्ता आणि डेटाच्या लाइन) आपल्या ताब्यात घ्यायची आणि तीन बाइट लिहून सोडून द्यायची. झेड८० मध्ये बस रिक्वेस्टची पिन त्यासाठीच असते. माझ्या मते ती पिन ओढली की ऐकणारा बोर्ड नुसता ऐकणारा राहत नाही, आणि पुढे कधी मशीन अडकलं तर पहिला संशय आपल्यावर. काकांना विचारलं तर ते टोकनं मोजत बसतात.

दरम्यान पुतण्याच्या ओळखीतल्या एकानं मारामारीच्या गेमचं उभं मशीन आणलंय. आत ५६ पिनांच्या जामा कनेक्टरचा (आर्केड मशीनच्या ठरीव जोडणीचा) बोर्ड आणि चौसष्ट पिनांचा ६८००० प्रोसेसर. त्यावर हा बोर्ड बसणार नाही. डेटा सोळा बिटांचा, स्कोरचे पत्ते वेगळे, आणि प्रोसेसर सॉकेटमध्ये नसून थेट सोल्डर केलेला. त्या मालकाला फक्त नाण्यांचा हिशोब हवाय. तेव्हा तिथे नाण्याच्या मीटरच्या वायरीवर एक ऑप्टोकपलर लावून काम भागेल, असं सध्या मत आहे. अर्थिंग मात्र त्याचंही आधी मोजायचंय.